बराकीचं कुलूप

प्रिय ताई,

तुरुंगातून नमस्कार. तब्येत ठणठणीत आहे, पोटभर जेवतो. एवढं आईला मोठ्याने वाचून दाखव. पुढचं मनातल्या मनात वाच.

काल पुन्हा तारीख पुढे गेली. कोर्टात न्यायला गाडीच नव्हती म्हणे! वकील म्हणतात, चोरी कबूल केली असतीस तर शिक्षा भोगून एव्हाना घरी असतास. न केलेली चोरी कबूल करू? कुणाच्या तरी घरी कुलूप न तोडता चोरी झाली, म्हणून किल्ल्या बनवणाऱ्याला उचललं. चार वर्षं झाली, अजून एक साक्षीदार उभा राहिलेला नाही.

आणि ऐक. आज आमच्या बराकीचं कुलूप लागेना, तर जेलरसाहेबांनी मलाच बोलावलं. वर म्हणतात, "तुझ्यासारखा भरवशाचा माणूस नाही." तळपायाची आग मस्तकात गेली. तरी दुरुस्त केलं, बिघडलेलं कुलूप हातात आलं की मला राहवत नाही. मग मला आत घालून तेच लावलं. खट्कन लागलं.

चार वर्षांत इथे वेळेवर झालेलं हे एकच काम, आणि तेही मीच केलं.

आईचा गुडघा कसा आहे? दुकानाच्या कुलपात तेल सोडत जा. गंजलं तर उघडायला मी नाही.

तुझा,
अजून नुसता आरोपी असलेला भाऊ