हा बाण कोणाचा?

अण्णा, आज दुपारी शेजाऱ्यांची नात फिजिक्सचं पुस्तक घेऊन आली होती. मी नोकरीतून मोकळी झाले त्याला बरीच वर्षं झाली, तरी आळीतली पोरं अडली की माझ्याकडेच येतात, आणि मीही वरवर कुरकुर करत चष्मा शोधायला लागते. सरळ वर फेकलेल्या चेंडूचं गणित होतं. चेंडूवर कोणकोणते जोर आहेत ते बाणांनी दाखवायचं होतं. तिने पृथ्वीचा बाण खाली काढला, तो बरोबर होता. मग चेंडू वर चाललाय म्हणून एक लांबलचक बाण वर काढला आणि त्याच्याशेजारी लिहिलं, ‘हाताचा’. मी खोडरबर उचललं. सगळी नोकरी मी हाच बाण खोडण्यात घालवली आहे. पण आज हात चालेना. ती घरी गेल्यावर हे लिहायला बसले. तुम्हाला मी कधी नीट पत्र लिहिलंच नाही. मुंबईहून लिहायची ती आईच्या नावाने, आणि शेवटी एक ओळ, अण्णांना नमस्कार.

तीस सालच्या आसपासची गोष्ट असेल. तुम्ही शिकवायचात त्याच शाळेत, तुमच्याच वर्गात मी. मुली आम्ही दोघीच, खिडकीपाशी वेगळ्या बाकावर. घरी मला ‘अगो’ म्हणून हाक मारणारे तुम्ही वर्गात ‘तुम्ही’ म्हणायचात आणि मी तुम्हाला ‘सर’. ही गंमत पहिले चार दिवसच गंमत वाटली. पुस्तक विलायतेतलं. त्यात जो तो आगगाडीत बसलेला. अमुक वेगाने धावणारी आगगाडी तमुक अंतरात थांबली, तर तिला अडवणारा जोर किती? रत्नागिरीत आगगाडी पाहिली होती कोणी? मुलं सूत्रात आकडे घालून उत्तर काढायची, पण थांबणारी गाडी त्यांच्या डोळ्यांपुढे येत नसे. मग तुम्ही फळ्यावरची आगगाडी पुसलीत आणि तिच्या जागी घाटीच्या उतारावरून घसरत सुटलेली आंब्याची पेटी आणलीत, विहिरीतून वर येणारी कळशी आणलीत, उतारूंना आगबोटीपर्यंत नेणारा बंदरावरचा पडाव आणलात. तुमचा नियम एकच. आकडे मागाहून. आधी ती वस्तू साऱ्या जगापासून वेगळी काढायची, अगदी एकटी, आणि मग विचारायचं, हिला कोण ढकलतंय, कोण ओढतंय. प्रत्येकाचा एकेक बाण, आणि प्रत्येक बाणाला नाव. नाव देता आलं नाही तर बाण पुसायचा, मग तो कितीही आवडता असो.

मला तुम्ही फळ्याशी बोलवत नसायचात. मास्तर आपल्या पोरीलाच विचारतो असं कोणी म्हणू नये म्हणून. मी हात वर करून करून थकून जायची. आणि एकदा, ध्यानीमनी नसताना, बोलावलंत. ‘तुम्ही या.’ सेकंदाला चौसष्ट फूट वेगाने दगड सरळ वर फेकला आहे. मी खडू घेतला आणि धांदलीत त्या दगडाला वर जाणारा एक बाण दिला.

‘हा बाण कोणाचा?’ तुम्ही विचारलंत.

‘हाताचा.’

‘हात कुठे आहे आता?’

मागे मुलगे हसले. हात तर खालीच राहिला होता. तुम्ही डस्टर घेतलं नाहीत, तळव्यानेच तो बाण पुसलात आणि म्हणालात, ‘बसा.’ दगड चौसष्ट फूट उंच जातो हे उत्तर माझ्या ओठांवर होतं. ते विचारलंच नाहीत. ते ‘बसा’ मला फार लागलं, अण्णा.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तुमच्याशी बोलत नाहीये. तुम्हाला ते कळलंय, पण समजूत कशी काढतात ते तुम्हाला येत नाही. म्हणून कुठल्याशा वखारीतून तुम्ही वजन करायचा मोठा ताणकाटा मागून आणला आहे. पाटाला सुंभ बांधता, सुंभात ताणकाट्याचा आकडा अडकवता आणि म्हणता, ‘बस गो पाटावर.’ मी बसते, रुसलेली. तुम्ही ओढता. काटा सरकत सरकत पुढे जातो, पाट जागचा हलत नाही, आणि मग एकदम हिसका बसून मी चुलीच्या दिशेने निघते. आई ओरडते, ‘अहो, लग्नाची झाली पोर, तिला पाटावर बसवून कसले ओढताय! नि जमीन सकाळीच सारवलीय मी!’ तुम्ही तिकडे लक्षही देत नाही. ‘बघितलंस? सुटताना जोर जास्त, चालू झाल्यावर कमी.’ मला हसू फुटतं आणि माझा राग तिथेच फुकट जातो.

जेवताना मात्र मी सोडलं नाही. विचारलं, ‘मग दगड वर जातो तरी कसा? त्या हाताचं काहीच उरत नाही?’ तुम्ही घास परत पानात ठेवलात. ‘जोर उरत नाही,’ तुम्ही म्हणालात, ‘वेग उरतो. हात सुटला की हाताचं काम झालं. पुढचं दगडाचं आणि पृथ्वीचं.’ आई म्हणाली, ‘आधी भात संपवा, निवतोय.’ मला ते उत्तर पटलं होतं, आवडलं मात्र नव्हतं.

मॅट्रिक झाल्यावर मला पुढे सायन्सला घालायचं तुम्ही ठरवलंत तेव्हा किती बोलणी खाल्लीत, ते मला आईकडून कळलं. मुंबईला मामाकडे राहायचं होतं. कॉलेज जूनमध्ये सुरू व्हायचं, पण तोवर पावसाळ्यामुळे बंदर बंद व्हायचं, म्हणून मे महिन्यातच, शेवटच्या बोटींपैकी एकीने निघाले. तुम्ही पडावातून आगबोटीपर्यंत पोचवायला आलात. समुद्राला तेव्हाच फुगवटा आला होता. पडाव वर चढे, खाली जाई, आणि शिडी कधी गुडघ्याशी तर कधी डोक्यावर. मिरकरवाड्याचा एक खलाशी माझ्या मागेच उभा होता. ‘बाय, लाट वर आली का पाय टाक. मागं बघू नको, खाली बघू नको.’ तुम्हीही मागेच कुठेतरी होतात, माझी वळकटी सांभाळत. लाट आली. माझ्या पाठीवर एक तळवा टेकला, घट्ट, आणि त्या जोराने मी शिडीवर चढले. मी पाय टाकला तसा पडाव मागे सरला. तो सरणारच होता, तुम्हीच शिकवलं होतंत. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडले असते, आणि सगळ्या उतारूंसमोर मला रडायचं नव्हतं.

आषाढात तुम्ही गेल्याची तार आली. मामाने ती दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. ‘आता जाऊन काय करणारेस गो? बोट नाही. कोल्हापुराकडून जावं तर घाटात दरड आलीय म्हणतात.’ मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. नारळी पौर्णिमा झाल्यावर पहिल्या बोटीने घरी आले. दाराजवळच्या खुंटीवर तुमचा कोट होता, त्याच्या उजव्या बाहीला अजून खडू लागलेला. आई म्हणाली, ‘तुला चढवून आले त्या रात्री जेवले नाहीत नीट. पोर व्यवस्थित चढली म्हणाले. वळून बघितलं नाही म्हणाले. रागाने नव्हे हो. आपलं सांगितलं.’ बस्स, एवढंच मला तुमचं शेवटचं मिळालं. पुढे कित्येक वर्षं ते वाक्य मी मनात उलटसुलट करून पाहिलं, त्यात दुसरं काही सापडत नाही. तेव्हा फार एकटं वाटलं. अजूनही वाटतं.

पुढे मी इथेच येऊन शिकवायला लागले. तुमचं उत्तर मी शेकडो पोरांना दिलं. जोर उरत नाही, वेग उरतो. ते खरं आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. आजही शेवटी त्या मुलीला तेच सांगितलं. ती म्हणाली, ‘पण आजी, हातानेच फेकला ना?’ मी म्हटलं, ‘हो गं, हातानेच,’ आणि तिचा बाण तिलाच खोडायला लावला.

माझ्या पाठीवरचा बाण मात्र मी आजवर खोडलेला नाही. मुंबईतली ती पहिली पावसाळी सत्रं, परीक्षा, पुढची नोकरी, आईचं दुखणं, सगळीकडे मला पाठीमागून तो तळवा लागत आला, आणि मी मनातल्या मनात त्याला नाव देत आले. अण्णांचा. पण तुम्ही पडावात नक्की कुठे उभे होतात, अण्णा? वळकटी तुमच्या दोन्ही हातांत होती का? खलाशी तर अगदी जवळ होता, आणि बायकापोरांना शिडीवर ढकलणं हे त्याचं रोजचं काम होतं. आई होती तोवर तिला विचारता आलं असतं, तुम्ही त्या रात्री आणखी काही बोलला होतात का. मी विचारलं नाही. मुद्दामच विचारलं नाही.

म्हणून हे पत्र तुम्हाला पोचवायची सोय असती, तरी मी ते पाठवलं नसतं. तुम्ही वाचून फक्त एवढंच विचारलं असतंत, हा बाण कोणाचा, आणि मला सांगता आलं नसतं.