इक्वलायझरची रेघ

३ मार्च
चि. ठोक्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद खराब करते आहे. तू बनवलेली नाचाची धून सगळ्यांनी ऐकली. खालचा ठेका झकास, पण वरच्या झांजा अंगावर येतात रे! तुझ्या भाचीने कानांत बोटं घातली आणि मांजर पळालं ते थेट जेवायलाच परत आलं. तुझे भावोजी म्हणाले, तापल्या तव्यावर पाणी शिंपडलंय साहेबांनी. कसा आहेस ते कळव.

तुझी,
ताई

११ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.

मी ठीक. धून मागवणारा कंपनीवालाही तेच म्हणाला, दोनदा परत पाठवली. मला मात्र ती गोधडीखाली वाजल्यासारखी ऐकू येते. आधी वाटलं, इक्वलायझरच मठ्ठ आहे. तो बदलला, मग दुसराही. तिसऱ्यात जाड-बारीक आवाज वेगवेगळे उचलता-दाबता येतात, पडद्यावर त्याची रेघ दिसते. जाड आवाजांना ती सरळच ठेवली, बारीक आवाजांपासून पुढे उचलली. रोज थोडी अजून उचलतो. गोधडी तशीच. पुढच्या महिन्यात पक्की धून दिली नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल. त्याचंही काही वाटत नाही. खुर्चीत बसतो, बटणं फिरवतो, उठतो.

तू बरी आहेस ना? केवढी चिरक्या आवाजात हसायचीस. मागच्या खेपेला तुझ्याकडे आलो तेव्हा एकदाही हसली नाहीस.

लोभ आहे, तो तसाच राहू दे.
ठोक्या

१८ मार्च
चि. ठोक्यास आशीर्वाद.

मी हसले नाही? भावोजींची पँट खुर्चीला अडकून टरकन फाटली, तेव्हा कपाटाला डोकं टेकून मी हसून हसून बेजार झाले. तू तिथेच होतास! त्याच दिवशी किटलीच्या शिट्टीने घर डोक्यावर घेतलं होतं आणि तू शेजारी बसून पेपर वाचत होतास. मी मनात म्हटलं, आळशी मेला. फोनही म्हणूनच टाळतोस ना? इक्वलायझर बदलणं पुरे झालं, कान दाखव. मला राग आलाय आणि भीतीही वाटते आहे.

ताई

२६ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.

गेलो. डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. मधेच मला वाटलं, मशीन बंद पडलं. मग मला किती ऐकू येतं त्याची कागदावर रेघ काढून दिली: जाड आवाजांना सरळ, पुढे बारीक आवाजांकडे घसरत तळाला गेलेली. घरी येऊन तो कागद पडद्याशेजारी धरला. माझ्या इक्वलायझरचीच रेघ, उलटी. कानातून जेवढं गेलं तेवढं मी वर उचलत बसलो होतो. गेलेलं परत येत नाही म्हणाल्या. मी बरं म्हटलं आणि बसथांब्यावर येऊन उभा राहिलो. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

रेघ सपाट केली आहे. मला आता नुसता ठेका ऐकू येतो. धून सोबत पाठवतो. तू आणि भाची ऐका, झांजा किती उचलू ते सांगा. तेवढ्याच उचलेन.

कपाटाशी तू पाठमोरी होतीस, खांदे हलत होते. मला वाटलं, रडते आहेस. विचारायचा धीर झाला नाही.

लोभ कमी करू नकोस. आणि यापुढे हसलीस की माझ्या खांद्याला हात लाव.

तुझा,
ठोक्या