शनिवारचा दोरा

शनिवार, १० जानेवारी १९९८

धाकटी बहीण शेवंती नेहमीसारखी चारला आली. पिशवीत दोऱ्याचं रीळ, पावडरचा डबा. आणि मी तिला सांगितलं – आज नको. यापुढे नकोच!

'म्हंजे काय ताई? दुसरी कोण ठेवलीस?'

लेसर ठेवलाय, म्हटलं. नौपाड्यात नवा दवाखाना निघालाय. काल जाऊन आले, हनुवटी पदराने झाकून. डॉक्टरीण माझ्या भाचीच्या वयाची. म्हणाली, 'आधी दोरा बंद, आजी. दोऱ्याने केस मुळासकट येतो. लेसरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगात शिरतो, तापतो, आणि ती उष्णता मुळाला जाळते. मूळच नसलं तर जाळायचं काय?' महिनाभर उपटायचं नाही. फार वाढले तर वस्तरा.

वस्तरा! अठ्ठावन्नाव्या वर्षी मी दाढी करणार!

शेवंती हसली नाही. 'मग शनिवारी यायचं नाय का मी?' एवढंच म्हणाली.

बुधवार, २१ जानेवारी

केली. ब्लेड घेताना दुकानदाराला सांगितलं, भावासाठी. मला भाऊ नाही.

शनिवार, २४ जानेवारी

चार वाजून गेले. दारावर कुणी नाही. चुकल्याचुकल्यासारखं झालं.

चेंदणीच्या या घरात आधी आईच माझी हनुवटी साफ करायची. शेजारच्या बोहरीण बाईंनी तिला शिकवलेलं. पुढे आईने शेवंतीला शिकवलं आणि तेव्हापासून दर शनिवारी तीच. लग्न होऊन कोपरीला गेली तरी पूल ओलांडून यायची. एकदा तर छातीशी दीड महिन्याचं मूल घेऊन आली होती!

दोऱ्याचं एक टोक तिच्या दातात. त्यामुळे बोलणारी मी एकटीच. ती नुसती हं, हंहं. काय काय सांगितलं असेन मी तिला! टेलिफोनमधली छत्तीस वर्षांची नोकरी – तिथे बरं होतं, आवाज ऐकणाऱ्याला हनुवटी दिसत नाही. शाळेतल्या सिस्टर बर्नाडेट – त्यांना चक्क मिशी होती, आम्ही मुली त्या मिशीच्या धाकात इंग्रजी कविता पाठ करायचो. पण त्यांचं लग्न देवाशी लागलेलं. नकार द्यायला कोण येणार?

परशुरामचंही सांगायची. १९६१. कल्याणहून बघायला आले होते. तो माझ्याकडे बघून हसला, मी चहा सांडला, तो आणखी हसला. सगळ्यांना पसंत. चौथ्या दिवशी निरोप – योग नाही. कारण नाही, काही नाही. बाबा तेव्हा अंथरुणावर, मी नुकती नोकरीला लागलेली. आई पाठीवरून हात फिरवत म्हणाली, 'जाऊ दे. तू माझ्याजवळच बरी.'

परशुरामचं नाव निघालं की शेवंतीचा दोरा जोरात ओढला जायचा. मला वाटायचं, माझ्या वतीने रागावते.

मंगळवार, १० फेब्रुवारी

पहिली खेप. डोळ्यांवर काळा चष्मा, हनुवटीवर गार जेली. मग चट्! रबराचं बारीक कडं ताणून सोडावं तसं. आणि केस जळल्याचा वास.

यंत्राचा जोर कमीच ठेवला. माझ्या सावळ्या कातडीतही तोच रंग, जास्त लावला तर कातडीच भाजायची. म्हणून गेल्या आठवड्यात कानामागे थोडंसं करून बघितलं होतं. सगळे केस एका वेळी जागे नसतात म्हणे. जागे असतील त्यांनाच लागतं. पाच-सहा खेपा.

'आणि हे सात पांढरे राहणार,' डॉक्टरीण म्हणाली. 'यांच्यात रंगच नाही. लेसरला हे दिसतच नाहीत. दहा वर्षं आधी यायला हवं होतं.'

दहा वर्षांपूर्वी तू तरी कुठे होतीस गं, म्हटलं.

बुधवार, २५ फेब्रुवारी

टॉवेलने तोंड पुसलं आणि केस गळून आले! शेवंतीला फोन केला. 'बरं झालं,' म्हणाली आणि फोन ठेवला.

मंगळवार, २४ मार्च

दुसरी खेप. बाकावर शेजारी एक बाई, बरोबर कॉलेजातली नात. बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. 'अगो, चेंदणीची कलावती ना तू? मी जनाबाई. परशुरामची बहीण!'

छत्तीस-सदतीस वर्षांनी! मी हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि हसत म्हणाली, 'तवा ही मशीन असती तं तू माजी वयनी झाली असतीस गो!'

मला कळेना. तुम्हाला कुणी सांगितलं, विचारलं.

'तुमची धाकटी! बघायला आलो तवाच आमच्या आयजवळ येऊन सांगून गेली – ताईला दाढी येते, शनिवारी आई दोऱ्याने काढते. तुला नाय माहीत?'

माझा नंबर आला. आत जाऊन पडून राहिले. चट् चट् चट्. डोळ्यांतून पाणी आलं, तर डॉक्टरीण म्हणाली, 'दुखतंय का? जोर कमी करू?'

बुधवार, २५ मार्च

नऊ वर्षांची होती, कबूल. पण नंतर? शेकडो शनिवार माझ्या तोंडाशी तोंड आणून बसली. मी परशुरामसाठी रडले तीही तिच्यासमोरच. आणि ती – हं. हंहं.

दातात दोरा होता ना! किती सोयीचं!

शनिवार, २८ मार्च

आली होती. मी दार उघडलं नाही.

'ताई, बोंबील आणलेत. ताजे हायत.'

आतूनच म्हटलं, 'जनाबाई भेटली होती.'

मग चपला वाजल्या. बोंबील उंबऱ्यावर होते. मांजराला घातले.

शनिवार, ११ एप्रिल

काळे जवळजवळ गेले. पांढरे सात उन्हात चमकतात. चष्म्याशिवाय मला दिसत नाहीत आणि चष्मा लावून चिमट्याला सापडत नाहीत. डॉक्टरणीला फोन केला. म्हणाली, 'ते आता काढा दोऱ्यानेच. आधी कोण काढायचं तुमचे?'

शनिवार, १८ एप्रिल

बोलावलं. आली. पावडर लावली, दोरा दातात धरला, आणि सोडून दिला.

'आयने पाठवलेलं मला, ताई. तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडून – चुकशील म्हणून. ताई गेली तं घर कोण चालवणार, म्हणाली.'

मग तिने दोरा परत दातात धरला. सात केस काढले.

ते लोक बघायला यायचे होते त्या सकाळी आईने माझी हनुवटी साफ केली होती. उजेडाकडे वळवून, दोनदा बोट फिरवून बघितलं होतं, एकही राहिला नाही ना.