अल्पशा आजाराने

३ नोव्हेंबर, सोमवार

"सभासदहो, दोन महिन्यांत आपल्या इमारतीतली तीन घरं फुटली, आणि चौकीत विचारायला गेलं की आपल्याला एकच उत्तर मिळतं, तपास चालू आहे." भाषणाची ही सुरुवात पक्की. पहिलं वाक्य सपाट बोलायचं, आवाज नंतर. कंपनीच्या दारात युनियनची गेट मीटिंग घ्यायचे तेव्हाही हेच. आधी सगळ्यांचं दुखणं, मग माझं म्हणणं.

सोसायटीची विशेष सभा १६ ला. ठराव एक, जिन्यात कॅमेरे. त्याला कोण नाही म्हणणार. ठराव दोन, ज्या सभासदाला स्वतःच्या रक्षणासाठी बंदुकीचा परवाना हवा असेल त्याला सोसायटीने शिफारसपत्र द्यावं. मांडणार दिघे सर, ४०२; फुटलेल्या तीन घरांतलं एक त्यांचं. विरोध करणार मी, ४०१. भिंत एकच.

किती वर्षांनी असा विषय मिळाला. रिटायर झाल्यापासून बोलले ती पाण्याची टाकी आणि गच्चीवरची कबुतरं एवढ्यावरच.

४ नोव्हें., मंगळवार

सकाळी बागेत दिघे सरांनी गाठलं. आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेला माणूस. चालता चालता सुरू.

"सरोजबाई, या शहरात बंदुकीने किती मरतात आणि रुळांवर किती?"

"रुळांवर जास्त."

"खड्ड्यांत? डेंग्यूने?"

"जास्त, जास्त."

"मग रूळ उखडायचे का? घाबरायचंच तर नीट मोजून घाबरा."

मी म्हटलं, "सर, रुळांचं काम चुकलं की माणूस मरतो. बंदुकीचं काम बरोबर झालं की मरतो."

थांबले. हसले. मे महिन्यात त्यांच्या सुलभावहिनी गेल्या, त्यानंतर त्यांना हसताना आज पहिल्यांदा पाहिलं. "हे सभेत बोलू नका, मी पडेन."

घरी येऊन वाक्य वहीत दोनदा लिहिलं. झकास जमलंय.

६ नोव्हें., गुरुवार

टेबलभर पुस्तकं, चष्मा सापडत नाही. परदेशातले वाद इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिकडे बंदूक घरात आहे, ती काढा म्हणतात. आपल्याकडे नाहीच, मी आणू नका म्हणते. माझं काम सोपं.

आणि सरांच्या मोजण्यातली खोट सापडली. रुळांशी या शहरात रोज सगळ्यांचाच संबंध. बंदूक किती घरांत? मोजायचं तर ज्या घरात ती आहे त्या घरांपुरतं मोजा. सर संख्याशास्त्राचे, हे त्यांना कळत नाही असं नाही. मुद्दाम सोडतात.

मग सुचलं, आपलीच इमारत का मोजू नये? वार्षिक सभेची सुरुवात दुखवट्याच्या ठरावाने होते. नाव, खोली, कशाने गेले, सगळं इतिवृत्तात. नऊ वर्षं मीच सेक्रेटरी होते, अर्ध्या वह्या माझ्या अक्षरात. आताचे सेक्रेटरी पाटकर यांच्याकडून गठ्ठा आणला.

"ताई, गेलेल्यांना मत नसतं हं."

"दर सभेत तेच वेळेवर येतात पाटकर. जिवंतांचा कोरम भरत नाही."

८ नोव्हें., शनिवार

मोजलं. हृदयविकार, कर्करोग, वार्धक्य, आजार, रस्त्यावरचे अपघात दोन. चोराच्या हातून, एकही नाही. इमारत उभी राहिल्यापासून एकही नाही. ज्या मरणाला घाबरून बंदूक मागताय ते मरण या जिन्याने कधी चढलेलंच नाही. हे वाक्य म्हणताना खुर्चीतून उठलेच मी.

राहवलं नाही. दिघे सर भाजी घेऊन वर येत होते, जिन्यातच तक्ता दाखवला.

त्यांनी पिशवी खाली ठेवली, वाचलं. "छान. आणि बंदुकीने किती?"

"...एकही नाही."

"तुमचाच तक्ता, सरोजबाई. शून्याला शून्य." पिशवी उचलून वर गेले.

भर जिन्यात वाट लागली माझी. पण काय चपळ डोकं. मजा आली.

९ नोव्हें., रविवार

तक्ता पुन्हा तपासला. सगळ्यात मोठा खाना, "अल्पशा आजाराने". आजार कोणता, कुठेच नाही. एकेक नाव परत बघत गेले.

विलास, ३०४. "अल्पशा आजाराने दुःखद निधन." अक्षर माझं.

काल मी विलासला आजारात मोजला. त्याने स्वतःच जीव संपवला हे या इमारतीत त्याच्या बायकोच्या, मंदाच्या, खालोखाल मला ठाऊक. मंदा म्हणाली होती, सरोज, मुलीचं लग्न व्हायचंय, वहीत तसलं काही नको. मी हे दोन शब्द लिहिले. कोण नाही लिहीत? अकरा वर्षांत ते इतके पक्के झाले की काल पेन अडखळलंसुद्धा नाही.

बाकीच्या अल्पशा आजारांत आणखी कोण कोण आहे?

११ नोव्हें., मंगळवार

विलास गेला त्याच्या चार वर्षं आधीची दुपार. मंदाचा ऑफिसातून फोन, विलास फोन उचलत नाही, बघतेस का जरा. त्यांची दुसरी किल्ली माझ्या दाराआडच्या खिळ्यावर असायची. सगळ्यांचीच तेव्हा शेजारी असायची. खाली गेले, दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

त्यानंतर चार वर्षं जगला. मुलगी पदवीधर झालेली पाहिली. गच्चीवर कारल्याचा वेल चढवला. माझ्याशी निवडणुकीवरून कडाडून भांडला. शेवटी गेला, पण ती चार वर्षं खरी.

सापडला मुद्दा. बंदूक ती दुपार देत नाही, किल्ली घेऊन एक मजला उतरायलाही वेळ देत नाही. चोर येईल न येईल. त्याच्यासाठी आणलेली बंदूक वर्षानुवर्षं घरातच राहते, आणि घरात असतो घरचाच माणूस. सरांच्या शून्याला हे उत्तर.

पानं भराभर भरली. विलासच्या मरणावर लिहितेय आणि अंगात उत्साह. लाज वाटते. मुद्दा सापडला की मला असंच होतं.

१३ नोव्हें., गुरुवार

मंदाकडे. ती वाल सोलत होती, मीही बसले सोलायला.

"विलासचं बोलू का सभेत? नाव घेणार नाही."

"चार मजल्यांची इमारत. नाव न घेता बोललीस तरी सगळ्यांच्या माना माझ्याकडेच."

तिने आणखी मूठभर वाल माझ्यापुढे सरकवले.

"सरोज, तुला जिंकायचंय की कुणाला थांबवायचंय?"

"ठराव थांबवायचाय."

"ठराव कसला गं. परवाना मागतोय एकच माणूस. एकटा राहतो. सुलभाच्या बांगड्यासुद्धा नेल्या चोरांनी. आता राखायचं काय उरलंय त्या घरात, की त्याला बंदूक हवी?"

सालं गोळा करून मी उठले.

निघताना म्हणाली, मुलीला विचारते.

१५ नोव्हें., शनिवार

दाराआडचा खिळा बघितला. ४०२ ची किल्ली नाही. चोरीनंतर सरांनी कुलूप बदललं, नवी किल्ली दिलीच नाही. द्यायची राहिली असेल असं धरून चालले मी. मंगळवारपासून बागेतही नाहीत. बेल वाजवली, खूप वेळाने उघडलं.

"सर, चार दिवस फिरायला नाही?"

"भाषणाची तयारी."

टेबलावर कागदाचा कपटा नव्हता. सरळच विचारलं, "परवाना चोरासाठीच ना?"

"हा प्रश्न वक्त्याचा की शेजारणीचा?"

"शेजारणीचा."

"मग त्याला सभेत उत्तर द्यायला मी बांधील नाही." हसून दार लावलं. ते हसू त्या दिवशीचं, बागेतलं नव्हतं.

१६ नोव्हें., रविवार, सकाळ

दाराखालून मंदाची चिठ्ठी. "बोल. विलासचं नाव घेऊन बोल. मुलगी हो म्हणाली."

सहाला उठून भाषण नव्याने लिहिलं. तक्ता फाडला. रुळांचं वाक्य ठेवलं, इतकं चांगलं वाक्य टाकवत नाही. दिघे सरांचं नाव कुठेही नाही. भर सभेत माणसाला उघडं पाडणं हे भाषण नव्हे. पाटकरांना सांगून त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवलीय, माझ्या समोर. येतील का, माहीत नाही. सकाळपासून दोनदा भिंतीला कान लावला. नळाचा आवाज आला एकदा.

सुरुवात तीच, तीन घरं फुटली. शेवट असा:

"सभासदहो, चोर आले आणि आपण सगळ्यांनी कुलपं बदलली. ते बरोबरच केलं. पण नव्या कुलपाची दुसरी किल्ली आपण शेजारी दिली नाही. विलासला चार वर्षं मिळाली ती त्या किल्लीमुळे. ठराव दोनचं काय करायचं ते तुमचा हात ठरवेल, आणि माझा हात वर होणार नाही. एवढंच मागते. सभा संपली की वर जा, दुसरी किल्ली काढा, आणि आज जेवायला बसण्याआधी शेजारच्यांच्या हातात द्या."