फ्रेमवर्क वापरणार नाही

१ फेब्रुवारी, दुपारी
वाचनालयाच्या समितीची बैठक झाली. विषय एकच. आपली वेबसाइट मोबाइलवर नीट दिसत नाही. ही साइट नऊ वर्षांपूर्वी ह्यांनी केलेली. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं, साइट अजून चालते आहे. ग्रंथपाल म्हणाले, वहिनींच्या सूनबाई त्याच धंद्यात आहेत, त्यांच्याकडून नवी करून घेऊ. मी हात वर केला. म्हटलं, मी करते. कुणी काही बोललं नाही. अध्यक्षांना शांतता म्हणजे संमती वाटते, म्हणून ठराव पास.
१ मार्चला वाचनालयाला पन्नास वर्षं होतात. त्या दिवशी नवी साइट सुरू. जमलं नाही तर काम बाहेर जाणार आणि ह्यांचं सगळं पुसलं जाणार.
जमणार.

२ फेब्रुवारी, सकाळी
संकल्प. रोज पन्नास ओळी लिहायच्या. वीस तारखेला काम संपेल. उरलेले दिवस अध्यक्षांना समजावून सांगण्यात जातील.
आणि फ्रेमवर्क वापरायचं नाही. सीएसएस म्हणजे पानाला कपडे घालणं. कुठल्या अक्षराला कुठला रंग, कुठला चौकोन कुठे उभा. फ्रेमवर्क म्हणजे ते कपडे दुसऱ्याच कुणी शिवून ठेवलेले, आपण नुसते उचलायचे. ह्यांनी जन्मात रेडीमेड शर्ट घातला नाही. शेवटी दोन घातले, पण ते मी आणले होते, आणि तेव्हा बाहीत हात जाणं एवढंच पुष्कळ होतं.
माझी शाळा आठवीत सुटली. पुढचं सगळं त्याच वाचनालयात वाचून शिकले. इंग्रजीसुद्धा, डिक्शनरी मांडीवर घेऊन. त्यापुढे सीएसएस म्हणजे काय मोठं.

४ फेब्रुवारी
ह्यांची फाइल उघडली. दहा हजारांवर ओळी! वर काहीतरी आवृत्ती, परवाना वगैरे सरकारी इंग्रजी. ते सोडून दिलं. पुढे मात्र काय काम! एक ओळ वाकडी नाही. घरात हाच माणूस चपला दोन दिशांना काढायचा. दार लावून बसायचे आणि मी हाक मारली की म्हणायचे, 'अगं, थोडंसंच राहिलंय, आलोच.' दहा हजार ओळी म्हणजे थोडंसं.
आज एकही ओळ लिहिली नाही. आधी शिकणं महत्त्वाचं. ह्यांची फाइल वहीत उतरवून काढणार. हातानं लिहिलं की डोक्यात बसतं.

५ फेब्रुवारी, रविवार
सूनबाई आली होती. वाद झाला. ती म्हणाली, 'आई, फ्रेमवर्क घ्या, दोन दिवसांचं काम आहे. मोबाइलवर सगळं आपोआप बसतं.' मी म्हटलं, आपोआप बसणारे मी खूप पाहिलेत, उठवताना नाकी नऊ येतात. शिवाय सगळ्या साइट सारख्याच दिसायला लागल्यात. वर पट्टी, खाली तीन चौकोन. मेलं कुठे आलो तेच कळत नाही. ती म्हणाली, 'लोक पुस्तक आहे की नाही ते बघायला येतात, आई. चौकोन बघायला नाही.'
याला उत्तर होतं, पण चहा उतू गेला.
मग तिला ह्यांची फाइल दाखवली. म्हटलं, हे बघ, असं करतात काम. बराच वेळ बघत राहिली. चष्मा काढून पुसला. मग हळूच विचारलं, 'हे सगळं स्वतः लिहिलंय, असं बाबा म्हणाले होते का?' मी म्हटलं, ते कशाला सांगत फिरतील? तिनं माझ्या वहीकडे पाहिलं आणि फाइल बंद केली. पोरीला गहिवरून आलं असणार.

९ फेब्रुवारी
ठरल्या पन्नास, झाल्या सहा. पण सहाही पक्क्या.
मुख्य पानावर तीन चौकोन एका ओळीत हवेत. (आपले तीन वेगळे.) दोन राहतात, तिसरा खाली पडतो. स्क्रीनला फूटपट्टी लावून मोजलं. मापात चूक नाही. चूक ब्राउझरची आहे.

१० फेब्रुवारी
तिसरा चौकोन रद्द. तसाही तो 'आमच्याविषयी' होता. आपल्याविषयी ज्याला माहिती हवी त्यानं प्रत्यक्ष यावं.

१४ फेब्रुवारी, सकाळी
वाचनालयात जाऊन ग्रंथपालांच्या मोबाइलवर साइट दाखवली. म्हणाले, 'वहिनी, छान आहे. पण पुस्तक शोधायची जागा कुठे गेली?' ती स्क्रीनच्या उजवीकडे बाहेर गेली होती. मी सांगितलं, तुमचा मोबाइल अरुंद आहे. त्यांनी दुसऱ्या एका सभासदाचा मागून आणला. तोही अरुंद निघाला.
लोक वस्तू घेताना विचार करत नाहीत.

१९ फेब्रुवारी
सूनबाईचा फोन. 'कुठवर आलंय?' म्हटलं, दुसरी वही संपत आली. ती म्हणाली, 'वही नाही हो, साइट.' म्हटलं, साइट वहीतूनच यायची आहे. फोनवर बराच वेळ शांतता. रेंज गेली असावी.
वही लिहिताना बरं वाटतं, हे मात्र खरं. दुपारी घर फार रिकामं असतं. दोन तास ह्यांच्या ओळी उतरवायच्या. 'कंटेनर', 'रो', 'कॉलम'. चौकोनांना किती नेमकी नावं ठेवलीत! घरी ह्यांनी मांजराला आठ वर्षं 'ते' म्हटलं.

२६ फेब्रुवारी
समितीसमोर साइट दाखवली. भिंतीवर मोठी करून लावली तेव्हा देखणी दिसली. सगळे माना डोलवत होते. एवढ्यात अध्यक्षांनी आपला मोबाइल काढला. एवढं होतं तर पडद्यासाठी भिंत पांढरी कशाला रंगवून घेतली?
मोबाइलवर वाचनालयाचं नाव घसरून अध्यक्षांच्या फोटोवर आलं. त्यांनी विचारलं, 'वहिनी, माझ्या तोंडावर हे काय?' मी उभी राहून सांगितलं, संस्था व्यक्तीपेक्षा मोठी असते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
ग्रंथपाल खाली बघत म्हणाले, 'बाहेरगावचे सभासद साइटवर पुस्तक बघून मग निघतात, वहिनी. शोधायची जागाच दिसली नाही तर त्यांची फेरी फुकट जाते.' मी म्हटलं, तीन दिवस आहेत. सुनेला मीच फोन करते. फक्त नजर टाकायला.

२७ फेब्रुवारी, दुपारी चार
सूनबाई रजा काढून आली. सकाळी दहाला बसली, दोनला उठली. तीन चौकोन, एका ओळीत. मोबाइलवर एकाखाली एक, शहाण्यासारखे. शोधायची जागा सगळ्यात वर. फ्रेमवर्क घातलं आहे, हे मला दिसत होतं. मी तिकडे पाठ करून पुस्तक वाचत होते. पान एकही उलटलं नाही.
शेवटी म्हटलं, निदान ह्यांनी ठेवलेली नावं तरी राहू दे. कंटेनर, रो.
ती म्हणाली, 'ती तशीच आहेत, आई.'
कशी?
मग तिनं सांगितलं. ह्यांची फाइल म्हणजे हेच फ्रेमवर्क. जुनी आवृत्ती. नऊ वर्षांपूर्वी सगळे हेच उतरवून घ्यायचे. दहा हजार ओळी जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांनी लिहिलेल्या.
मी विचारलं, तुला केव्हा कळलं? म्हणाली, पहिल्याच रविवारी. मग तोंड का नाही उघडलंस? तर म्हणे, 'तुम्ही वही इतकी छान आखून घेतली होती. मला वाटलं, दहा पानांत कंटाळाल.'
कंटाळणाऱ्यातली मी नव्हे. एवढंही तिला कळू नये!

२८ फेब्रुवारी
रागावले आहे. कुणावर, ते ठरवते आहे.
दुपारी ह्यांची फाइल पुन्हा उघडली. या वेळी शेवटाकडून. सगळ्यात खाली, फ्रेमवर्क संपल्यावर, चौदा ओळी वेगळ्या आहेत. एक आत, एक बाहेर. दोन नावांचं स्पेलिंग चुकलंय. मध्ये मराठीत एक टीप: 'हे का चालतं कळत नाही. हात लावू नये.'
हे मात्र ह्यांचंच.
तिसरी वही काढून उतरवल्या. अर्धं पान झालं.

१ मार्च, संध्याकाळी
साइट सुरू झाली. अध्यक्ष म्हणाले, 'अगदी मोठ्या संस्थांच्या असतात तश्शी दिसते.' हे ते कौतुकानं म्हणाले. मी भाषणात सांगितलं, ही साइट हातानं केलेली आहे. हात कुणाचा, ते कुणी विचारलं नाही. सूनबाई मागच्या खुर्चीवर बसून हसत होती.
माझं मत बदललेलं नाही. फ्रेमवर्क वापरू नये. वापरलंच, तर आधी दोन वह्या भरून मग वापरावं.
घरी आल्यावर तिनं विचारलं, जुनी फाइल आता काढून टाकू का? मी म्हटलं, टाक. पण त्या चौदा ओळी नव्या फाइलच्या खाली ठेव. तिनं वाचून पाहिल्या. म्हणाली, 'आई, यांचं आता काहीच काम नाही. नव्या पानावर या कशालाच लागू होत नाहीत.'
म्हटलं, राहू देत. जागा कितीशी लागते?