सुतळीनं आवळलेला कम्प्युटर

३ जाने. शनि.
दादानं दिलेला एमपीथ्री मुका झाला. कानातली वायर लावायचं छिद्र आतून तुटलं. गौरीनं ओढलं, दुसरं कोण. दहा महिन्यांची हाय पण हाताला जोर लई. गाणी गेली तर जाऊ द्या. पण त्याच्यात आईचा पाळणा हाय, बारशाला माहेरी लोह्यात दादानं भरून घेतलेला. त्याच्यानंतर आईच्या गळ्याचं आपरेशन झालं. आता बोलते ते नुसतं फुसफुस. गाणं न्हाईच.
हे म्हणले, कम्प्युटरला लावून काढू, दोन मिनिटांचं काम.

४ जाने.
दोन मिनिटांत न्हाई झालं. वायर लावली की कम्प्युटर टुंग म्हणतो, अन् लगेच दुसरं टुंग. म्हणजे सुटला. ह्यांनी चारदा लावलं. पाचव्यांदा एक पाटी आली.
"फॉरमॅट करू का विचारतंय. कर म्हणावं लागंल."
"कर म्हणलं की काय होतं?"
"सगळं साफ होतं."
मी वायरच उपटली. हे म्हणले, "अगं, मी दाबलं का?" दाबलं न्हाई, पण बोट तिथंच होतं.

६ जाने.
ह्यांना वेळ न्हाई. क्लासवाल्यांचे सीईटीचे पेपर टाईप करायलेत. जेवायचं ताट बी कम्प्युटरपाशी. त्याच्यावरच घर चालतंय, बोलायचं कसं.
नांदेडला दादाला फोन. म्हणला, "कम्प्युटरच्या पुढच्या छिद्रात लावता का मागच्या?"
"पुढच्या."
"पुढं करंट कमी येत असंल. मागं लाव."
मागं कसं लावणार. मागून मी बांधलंय.

७ जाने.
लिहून ठेवते. गौरी मोठी झाली की विचारंल, आई अशी का. भूकंपात मी सहा वर्षांची, मामाकडं औशाला. फळीवरची पितळी घागर पडली. उशी चेपली, मी न्हाई. तव्हापासून उंचावर काही मोकळं ठेववत न्हाई. कपाट बांधलंय, टीव्ही बांधलाय. कम्प्युटर आला त्या दिवशी त्याचा डबा टेबलावर भिंतीला पाठ लावून खिळ्यांना सुतळीनं आवळला. खाली गौरी खेळती ना. हे म्हणले होते, "बैल हाय का तो?"
सासूबाई आज म्हणल्या, "बाई, गौरीला मी अंगणात नेते अन् तू सोड की." इतकं सोपं. मला सुचलंच न्हाई.
अर्धी गाठ सोडली. रस्त्यानं ट्रक गेला, टेबल हललं. परत आवळली.

१० जाने. शनि.
आई संक्रांतीला यायली, गौरीच्या बोरन्हाणाला. दादा म्हणला, "पाळणा अडकला म्हणून तिला सांगू नको. शेजारणीला हातानं खुणा करून सांगती, माझा आवाज लातूरला हाय."
लई रडले. सासूबाईंनी चहा दिला.

१२ जाने. सोम.
हे क्लासवर पेपर द्यायला गेले. सासूबाई अन् गौरी अंगणात. कम्प्युटर बंद केला अन् बसले सोडायला. गाठी अशा बसलेल्या, दातानं सोडल्या. कापायचं मन न्हाई झालं. मागं जाळं, धूळ, गौरीच्या झबल्याचं हरवलेलं बटन.
चालू करून मागच्या छिद्रात लावलं. टुंग.
वाट बघितली. दुसरं टुंग आलंच न्हाई.
काही दाबलं न्हाई. हे येईपर्यंत तशीच समोर बसले. आल्यावर त्यांनी पाळणा काढून दोन जागी ठेवला, सीडी बी केली. मग लावला. मधी आई खोकती अन् दादाला म्हणती, "बंड्या, बंद कर की आता." आम्ही तिघं लई हसलो.

१४ जाने. बुध.
बोरन्हाण झालं. बोरं, चुरमुरे, हरभरे. गौरीनं एक बोर बी खाली पडू दिलं न्हाई, सगळी तोंडात.
मग आईला कम्प्युटरसमोर बसवलं. डोक्यावर पदर घेऊन बसली, मोठं माणूस आल्यासारखी. पाळणा लागला तशे ओठ हलायला लागले. सरल्यावर बोट फिरवलं, परत लाव. तीनदा ऐकला.
उठताना तिला खिळ्यावरची मोकळी सुतळी दिसली. माझ्याकडं बघितलं. फुसफुसली, "भ्याव न्हाई वाटत?"
"वाटतं की."
हे म्हणले, "बांधू का परत?" राहू द्या म्हणलं, आई हाय तोवर.
आई रविवारपर्यंत हाय. सुतळी तिथंच लटकून हाय.