तिठ्यावरची हिरवी जुडी

ती. स्लावकाताईस,
धाकट्या लोयझेचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा थंडीत कुरकुरत नाही ना? मारिबोरला पाऊस लागला असेल. इथे क्रासच्या पठारावर अजून कोवळं ऊन आहे आणि ते पाठीवर घेऊन बसलं की पत्र लिहायचं राहूनच जातं, म्हणून उशीर झाला. तू वरच्या खोलीला रंग दिलास, पडदे शिवलेस, सगळं कळलं. (पिवळा मला चालतो. निळाही चालला असता.) एक तारखेला मी तुझ्याकडे कायमचा राहायला यायचं हे ठरलेलंच आहे, माझी ट्रंकसुद्धा पुढे आलेली आहे, तेव्हा त्यावर आता काही बोलत नाही. त्याआधीच्या आठवडाभराच्या सहलीचा सविस्तर वृत्तांत तू मागितला होतास, तो तेवढा देतो.

सहल दुशानची, हे तुला ठाऊक आहे. माझा हा दोस्त मोजणी खात्यातून सुटला, पण खातं काही त्याला सुटलं नाही. सात दिवसांत इटलीच्या सीमेवरचे बत्तीस पांढरे दगड नंबरवार बघायचे, हा त्याचा बेत. मी चौतीस वर्षं ल्युब्ल्यानात एकाच मार्गावर बस हाकली, त्यामुळे कुणी रस्ता आखून दिला की मला बरं वाटतं. पहिला दगड झकास सापडला. दुसरा शोधताना आम्ही कुणाच्या तरी कोबीत शिरलो. तिसऱ्यापाशी माझ्या फोनने इटलीत माझं तीनदा स्वागत केलं. (मी फक्त कुंपणावरच्या एका अंजिराला हात घालत होतो, आणि ते हाताला लागेना.) अंजीर कुठल्या देशाचं यावर आमचा तासभर वाद झाला. शेवटी ते खाल्लं.

चौथ्या दगडानंतर एक तिठा लागला आणि तिथल्या खांबाला हिरवी जुडी टांगलेली दिसली. तुमच्याकडे ही चाल नाही म्हणून सांगतो. इथले शेतकरी वर्षातून आठ-दहा दिवस आपल्याच अंगणात घरची वाइन नि घरचं हॅम विकतात, त्याला ओस्मित्सा म्हणतात. तेवढे दिवस तिठ्यावर आयव्हीच्या वेलीची जुडी आणि खाली लाल बाण. दिवस संपले की जुडी उतरवायची. गावातल्या लोकांना तारखा पाठ असतात. आमच्यासारखे शहरातले जुडी बघून मुकाट वळतात. आणि थांबा दिसला अन् मी थांबलो नाही, असं उभ्या जन्मात झालेलं नाही.

अंगणात तुतीचं जुनं झाड होतं, त्याखाली एकच टेबल, आणि टेबलाशी साठीच्या आतबाहेरची एक बाई सूप पीत होती. दुशानने ऐटीत सांगितलं, "अर्धा लिटर लाल, हॅम आणि उकडलेली अंडी." बाईने आमच्याकडे जरा वेळ पाहिलं, आपली वाटी उचलली, आत गेली आणि सगळं घेऊन आली. दुशानने हॅमचे काप जाड आहेत अशी तक्रार केली. मी टेबल पुसून घ्यायला सांगितलं. (ताई, तू मला असं वाढवलेलं नाहीस, मला माहीत आहे.) तिने पुसलं. वर सूपही मागितलं, तेही आलं. तिसऱ्यांदा अंडी मागितल्यावर मात्र तिने खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"अंडी संपली. सूपही संपलं, ते माझं होतं. आता पाहुणे कोण, कुठले, तेवढं तरी कळू दे."

"म्हणजे? ओस्मित्सा ना ही?"

"होती. दहा दिवस झाले संपून. जुडी राहिलीय वर. शिडीवर नवरा चढायचा, तो जाऊन तीन वर्षं झाली. मला चढलं की भोवळ येते."

"मग आम्हाला हाकललं का नाहीत?"

"इतक्या हक्काने इथे कुणी जेवायला मागून किती दिवस झाले, ते आठवत बसले होते."

ताई, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. जुडी मी आत्ता उतरवून देतो म्हणालो. "भरल्या पोटी शिडी चढू नये, उद्या या," ती म्हणाली. तिचं नाव युस्तीना.

दुसऱ्या दिवशी गेलो तर टेबलाशी तीन खुर्च्या होत्या. त्यानंतरचे दिवस मला नीट वेगळे करून सांगता येत नाहीत. दुशान रोज सकाळी नकाशा उघडून "आज डावीकडे" म्हणायचा, आम्ही डावीकडे वळायचो आणि दुपारी तुतीखाली उगवायचो. पिवळी पानं एकेक करून टेबलावर पडायची, युस्तीना बीन्स सोलायची, मीही सोलायचो, कुठल्या तरी गावात घंटा वाजायची, इकडची की तिकडची हे बघायला कुणी उठायचं नाही. मधेच डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा बीन्स सोलून झालेले असायचे आणि खांद्यावर शाल असायची.

"अरे, तू सुट्टीवर आहेस की ड्युटीवर?" दुशान फणकारला. "रोज तीच वेळ, तोच थांबा."

पाचव्या दिवशी तिठ्यावर शिडी नेली. वरून लाल झालेले मळे दिसले, त्यापलीकडे समुद्राची बारीक रेघ. दुशान ओरडत होता, पाचवा दगड दिसतो का. मी खाली बघितलं, तर युस्तीना दोन्ही हातांनी शिडी धरून वर बघत होती. आई गेल्यावर नासपतीच्या झाडाखाली तू माझी शिडी अशीच धरायचीस. त्यानंतर कुणी धरली नव्हती. मला फार सुख वाटलं, आणि तुझी फार आठवण आली.

असो. जुडी उतरवली, तिच्या हाती दिली, निरोप घेतला, सहल संपली. बत्तीसपैकी चार दगड पाहिले. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
लोयझे

ता. क. सहल संपून बारा दिवस झाले हे तू मोजशीलच. ट्रंक उघडू नकोस, आहे तशी परत पाठव. पत्ता पाकिटामागे आहे, केअर ऑफ युस्तीना. थंडीचा कोट ट्रंकेत आहे आणि इथला वारा माणसाला उडवतो म्हणतात. तुला वाईट वाटेल हे मला ठाऊक आहे. मलाही वाटतंय.

ता. क. २ खोली वाया जायची नाही. दुशान म्हणतो, "माझे अठ्ठावीस दगड बुडवलेस, आता खोली तरी दे." त्याला पिवळा रंग आवडतो. तो तुझा जिना मोजेल, मोजू दे.

ता. क. ३ जुडी उतरवली असं वर लिहिलं ते खोटं आहे. ती अजून तिथेच आहे. मी वर गेलो, हात लावला आणि खाली सांगितलं, गाठ फार घट्ट आहे, सुटत नाही. युस्तीना म्हणाली, "कशी सुटेल? दिवस संपल्यावर मी स्वतः वर चढून पुन्हा आवळलीय." ट्रंक लवकर पाठव.